घागरीतला समुद्र

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्या संपत आल्या की शेवटी हवामान यायचं. विदर्भात काही ठिकाणी, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी, कोकणात बहुतेक ठिकाणी, असं सगळं सांगून झालं की एक वाक्य हमखास कानावर पडायचं : 'समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' आमच्या शेगावच्या घरात या वाक्यावर रोज हसू व्हायचं. आजोबा रेडिओचा कान पिळत म्हणायचे, "आपल्याले काय करा लागते समुद्राचं? पेरनीचं सांग म्हना त्याले!"

आजोबांचं म्हणणं कुणालाही पटेल असंच होतं. शेगाव ते मुंबई हे रेल्वेचं अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. आमच्याकडे पाणी म्हणाल तर विहिरीचं, आणि तेही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं, मचूळ. लाट म्हणजे काय हे माहीत नसलेली कितीतरी माणसं आमच्या गल्लीत होती. ते वाक्य रत्नागिरीच्या, मालवणच्या, वर्सोव्याच्या माणसांसाठी होतं आणि आम्ही ते परक्याचं पत्र चुकून वाचावं तसं ऐकत होतो.

पुढे हवामानशास्त्राचा इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं, की ते पत्र परक्याचं नव्हतंच. पत्ता चुकला नव्हता, आम्हालाच तो वाचता येत नव्हता. आज त्या एका वाक्याचा इतिहास आपल्याला सांगणार आहे.

सुरुवात मात्र समुद्रकिनाऱ्यावरून करत नाही. शेगावहून उत्तरेला निघालं, पूर्णा ओलांडली, की जळगाव जामोद तालुका लागतो. त्या तालुक्यात पूर्णेच्या काठी भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, तिथे घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली, तिला तीनशेहून अधिक वर्षं झाली, असं परंपरा सांगते. त्यांचे वंशज आजही ती चालवतात. गावाबाहेरच्या शेतात संध्याकाळी गोल घट आखतात, त्याभोवती गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, सरकी अशी अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधे खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळं ठेवतात. ही चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, करंजी, वडा, भजी, कुरडई. बाजूला पानविडा. रात्रभर तिथे कुणी फिरकायचं नाही. पहाटे, सूर्य उगवायच्या आत, कुठलं धान्य किती सरकलं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, ते पाहून वर्षाचं भाकीत सांगितलं जातं. ते ऐकायला पहाटेच्या अंधारात शेतकरी लांबलांबून येतात.

या भाकितांना शास्त्रीय आधार नाही. रात्रीचा वारा, मुंगी, किडा, उंदीर यांनी हललेल्या दाण्यांवरून ऑगस्टचा पाऊस ठरत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हे वारंवार सांगितलं आहे आणि ते बरोबर आहे. पण त्या मांडणीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती मधली घागर कशाचं प्रतीक मानतात? समुद्राचं. पावसाच्या चार महिन्यांवर समुद्र ठेवलेला आहे! ज्यांनी समुद्र पाहिला असण्याची शक्यता फार कमी, अशा माणसांनी पूर्णेकाठच्या काळ्या मातीत पावसाचा हिशेब मांडताना मधोमध समुद्र ठेवला. विज्ञानाला त्याच जागी पोचायला बराच वळसा पडला.

तो वळसा सुरू होतो बंदरातून. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आलं. हुगळीत उभी असलेली जहाजं एकमेकांवर आदळून फुटली, समुद्राचं पाणी आत घुसलं आणि हजारो माणसं गेली. व्यापाऱ्यांनी ओरड केली, की वादळाची आगाऊ सूचना मिळाली असती तर जहाजं वाचली असती. दुसऱ्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी इशारा देण्याची व्यवस्था झाली. म्हणजे आपल्या देशात हवामानाचा संघटित इशारा दिला गेला तो आधी समुद्रावरच्या माणसासाठी. शेतकऱ्याचा नंबर नंतर लागला. पुढे बंदराबंदरात खांब उभे राहिले. दिवसा त्यांवर खुणेची चिन्हं आणि रात्री दिवे लावायची पद्धत आली. 'बंदरात तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे' असं आपण पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो, तो बावटा याच घराण्यातला. एक ते अकरा असे त्याचे क्रमांक. आकडा वाढत गेला की धोका वाढला, एवढं खलाशाला शाळेत न जाता कळतं.

हे शक्य झालं ते तारायंत्रामुळे. वादळापेक्षा बातमी वेगाने धावली तरच इशाऱ्याला अर्थ. रेल्वेचे रूळ गेले तिथे तारेचे खांब गेले. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि आपलं शेगाव स्टेशन त्याच मार्गावर आहे. समुद्राची बातमी आमच्या गावावरून तारेतून जाऊ लागली होती, ती गावात उतरत मात्र नव्हती.

१८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. खातं जेमतेम उभं राहतंय तोच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाख्याचा दख्खन, निजामाचं राज्य या पट्ट्यात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली. गजानन महाराज शेगावी प्रकट झाले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, म्हणजे त्या दुष्काळाच्या अखेरच्या पर्वात. उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणाऱ्या दिगंबर पुरुषाचं जे पहिलं दर्शन भक्तांच्या मनात कोरलं गेलं आहे, ते अन्नाच्या एकेका कणाची किंमत कळलेल्या काळातलं आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

दुष्काळ येणार हे आधी कळू शकेल का, असा प्रश्न सरकारने ब्लॅनफर्डना विचारला. त्यांनी हिमालयाकडे पाहिलं. हिमालयात वसंतात बर्फ जास्त पडलं तर पुढचा पाऊस कमी, असा संबंध त्यांना दिसला. त्या आधारावर १८८२ पासून त्यांनी प्रयोगादाखल अंदाज दिले आणि ४ जून १८८६ रोजी पावसाळ्याचा पहिला रीतसर दीर्घकालीन अंदाज जाहीर झाला. जगात असा उपक्रम तेव्हा फारसा कुठे नव्हता. गरज आपली होती, म्हणून शास्त्र इथे वाढलं.

पण १८९९ ने घात केला. तेव्हाचे प्रमुख जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि पाऊस साफ फिरला. १८९९-१९०० चा तो दुष्काळ वऱ्हाडाने अंगावर घेतला. आधीच्या दुष्काळाची दख्खनइतकी झळ न बसलेला हा कापसाचा, सुखवस्तू समजला जाणारा प्रदेश या खेपेला होरपळला. अंदाजावर इतकी टीका झाली की पुढे काही वर्षं तो जाहीर न करता अधिकाऱ्यांपुरताच ठेवला गेला. चुकण्याच्या भीतीने तोंड मिटणं हा उपाय असतो का? शास्त्रापुढचा हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आजही सुटलेला नाही.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचे गणिती. हवामानाचा त्यांना अनुभव नव्हता. बूमरँग फेकण्याचं त्यांना इतकं वेड, की त्यांचं टोपणनावच बूमरँग पडलं होतं! पण त्यांनी एक शहाणपण केलं. पाऊस का पडतो हे ठाऊक असल्याचा आव आणला नाही. जगभरातल्या ठाण्यांचे हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे गोळा केले आणि सिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकुनांना हिशेबाला बसवलं. गणकयंत्रं नव्हती, सगळं हातावर. या अफाट बेरीज-वजाबाकीतून १९२० च्या दशकात एक गोष्ट वर आली. प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या टोकाला, हिंदी महासागराच्या बाजूला, तो घटतो, आणि उलटही. जणू तागडीची दोन पारडी. वॉकरनी तिला 'दक्षिणी आंदोलन' असं नाव दिलं. ही तागडी कोणत्या बाजूला झुकली यावर आपला पाऊस काही अंशी अवलंबून असतो. ती का झुकते, हे मात्र वॉकरना कळलं नाही. ते कळायला १९६९ उजाडावं लागलं. जेकब ब्यर्कनेस यांनी दाखवलं, की पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याला 'एल निनो' म्हणत, तो समुद्राचं पाणी तापण्याचा प्रकार आणि वॉकरची तागडी ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत.

म्हणजे बघा, हिमालयाच्या बर्फापासून निघालेला शोध समुद्रावर येऊन थांबला. घागर मधोमध आली.

समुद्राचा अंदाज हे स्वतंत्र शास्त्र झालं ते दुसऱ्या महायुद्धात. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर वादळ नाही एवढं पुरत नाही. किनाऱ्यावर फुटणारी लाट किती उंच, दोन लाटांमध्ये किती सेकंद, हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर सपाट तळाच्या नावा उलटतात. हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि त्यांचा तरुण विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी त्याचं गणित बसवलं. नॉर्मंडीची चढाई ५ जून १९४४ ची ६ जूनवर ढकलली गेली ती हवामानामुळेच, आणि लाटांचे अंदाज त्या निर्णयाच्या सोबतीला होते. युद्धासाठी जन्मलेलं हे गणित पुढे कोळ्यांच्या, जहाजांच्या आणि लाटेवर फळी घेऊन उभं राहणाऱ्या हौशी तरुणांच्याही कामी आलं. मंगळूरजवळच्या मुल्कीत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणारी मुलं आज सकाळी जे दोन आकडे आधी पाहतात, लाटेची उंची आणि दोन लाटांमधली सेकंदं, ते दोन्ही याच घरचे.

त्यातला दुसरा आकडा मोठा गमतीचा. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा घाईघाईने, एकामागोमाग येतात. पण मधलं अंतर पंधरा-सोळा सेकंदांचं झालं, तर समजावं की पाहुणा लांबून आला आहे. अंटार्क्टिकाच्या अलीकडे, दक्षिण महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा दिवसाला हजारेक किलोमीटर चालत सहा-सात दिवसांनी आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतात. इथे आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि अचानक पाणी चढून वाळूवरच्या होड्या ओढून नेतं. केरळचे कोळी याला 'कल्लाकडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून, म्हणजे समुद्र नसलेल्या शहरातून, आज त्याचे इशारे निघतात. हे केंद्र १९९९ मध्ये सुरू झालं.

आता पुन्हा आपल्या वावरात येऊ. १९८८ मध्ये आपल्या पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचं प्रारूप तयार झालं. त्यात बर्फ होतं, वारे होते, हवेचा दाब होता आणि एल निनोही होता. हे प्रारूप लोकांना इतकं पसंत पडलं की 'गोवारीकर मॉडेल' हा शब्द पारावरच्या गप्पांत रुळला. तेरा-चौदा वर्षं ते बऱ्यापैकी चाललं. २००२ साली त्याने सरासरीइतका पाऊस सांगितला. जून बरा गेला. पेरण्या झाल्या. आणि जुलै कोरडा गेला. नुसता कमी नव्हे, देशभरात निम्म्याच्या आसपास पाऊस गायब. हंगामाअखेर तूट १९ टक्के. ज्यांनी ती वर्षं पाहिली आहेत त्यांना दुबार पेरणी या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. एकदा उसनवारीचं बियाणं मातीत गेलं, ते करपलं. दुसऱ्यांदा दुकानदाराच्या दारात उभं राहायचं, तेही तोंड खाली घालून. चुकलेल्या अंदाजाचा आकडा कागदावर टक्क्यात असतो, घरात तो कर्जाच्या चिठ्ठीवर असतो.

खात्याने ते प्रारूप बदललं. २००३ मध्ये नवं आलं, २००७ मध्ये आणखी नवं. आता समुद्र आणि वातावरण यांना एकत्र धरून महासंगणकावर गणित केलं जातं आणि पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था त्यात आघाडीवर आहे. मधल्या काळात आपल्याच हिंदी महासागराचं एक गुपित उलगडलं होतं. १९९७ साली एल निनो प्रचंड होता, दुष्काळाची भीती होती, तरी पाऊस सरासरीइतका झाला. कारण शोधताना १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हिंदी महासागराचीही पश्चिम बाजू तापते तेव्हा पूर्व बाजू निवते, आणि त्याचा परिणाम पावसावर होतो. या शोधनिबंधाच्या लेखकांत भारतीय शास्त्रज्ञ होते. २०१९ मध्ये हीच स्थिती जोरात होती आणि देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला.

मग त्या संध्याकाळच्या वाक्याचं काय? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि मध्य भारताच्या दिशेने सरकू लागतं. ते अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे आपल्याकडे ओढतं. वारे ताशी ४५-५५ किलोमीटरवर गेले की कोकणात समुद्र खवळतो, मच्छीमारांना थांबवलं जातं. आणि तेच क्षेत्र विदर्भात आलं की आमच्याकडे झड लागते. सह्याद्रीने अडवलेल्या पावसातून उरलेलं पश्चिमेकडून आणि बंगालकडून आलेलं पूर्वेकडून, असा आमचा संसार चालतो. दरवेळी असंच घडतं असं नाही. पण पुष्कळदा मालवणच्या कोळ्याला घरी बसवणारं आणि शेगावच्या शेतकऱ्याला वावरात पाठवणारं कारण एकच असतं. आजोबा ज्याला परक्याचं पत्र समजत होते, त्यात आमच्या पेरणीचीच बातमी होती.

इथे किनाऱ्याचीही एक आठवण सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळ कोकणावर आलं. ११ तारखेला ते अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. पावसाळा सरला म्हणून बोटी खोल समुद्रात होत्या. अनेकांपर्यंत इशारा वेळेत पोचला नाही, कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. इशारा असणं आणि तो पोचणं यांत अंतर पडलं, की ते माणसांनी भरून निघतं. शेतातही तेच, समुद्रातही तेच.

भेंडवळच्या पहाटेच्या गर्दीकडे म्हणूनच मला नुसतं हसून पाहता येत नाही. ती गर्दी दाण्यांवरच्या विश्वासापेक्षाही एका गरजेपोटी जमलेली असते. कुणीतरी आपल्या गावात येऊन, आपल्या भाषेत, तूर आणि सरकीचं नाव घेऊन पुढचं सांगावं, ही ती गरज. खात्याचा अंदाज 'देशात सरासरीच्या इतके टक्के, चार टक्के अधिक-उणे' असा येतो. तो खरा असतो, पण त्यात माझ्या तीन एकरांचं नाव नसतं. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो शेतकऱ्याने ओळखलाच पाहिजे. खात्याचा २००२ चा अंदाज चुकला हे आपल्याला कळलं, कारण तो आकड्यात लिहिलेला होता. पाऊस मोजला, ताडून पाहिलं, चूक पकडली, प्रारूप बदललं. घटातलं ढेकूळ चुकलं तर कुणी ते बदलत नाही. 'कुठे कमी, कुठे जास्त' हे भाकीत कधी चुकतच नाही, आणि जे चुकू शकत नाही त्याच्याकडून शिकायला काही मिळत नाही.

म्हणून वऱ्हाडातल्या माझ्या बांधवांना एवढंच सांगावंसं वाटतं. आखाजीला भेंडवळला जरूर जा. पूर्वजांनी मधोमध समुद्र ठेवला, त्या घागरीला हात जोडा. पण बियाण्याची पिशवी फोडायची ती कृषी विद्यापीठ सांगतं तसा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन खोल ओलावल्यावरच. आणि संध्याकाळच्या बातम्यांत 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य आलं तर रेडिओचा कान पिळू नका.

आजोबा आज नाहीत. शेवटच्या काही पावसाळ्यांत मात्र त्यांनी हसणं सोडलं होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, त्यातलं किती पटलं ते ठाऊक नाही. पण ते वाक्य ऐकलं की ते ओसरीत येऊन पश्चिमेकडे बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "तिकडे कोनाचा तरी पोरगा नावेत असंन रे. घरी पोचला पाहिजे." मग जरा थांबून, "अन् आपला पाऊसबी."